रंग तेवढा तुम्ही ठरवा

“रंग तेवढा तुम्ही ठरवा,” असं बायको म्हणाली, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

आमच्या घरात निर्णय होत नाहीत असं नाही. उदंड होतात. ते मला कळवले जातात, इतकंच. स्वयंपाकघरातली फरशी बदलल्याचं मला पाय घसरल्यावर समजलं. मुलीने परगावी नोकरी धरल्याचं तिच्या बॅगा जिन्यात दिसल्यावर समजलं. वास्तविक मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. मी दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवलं की भल्याभल्या व्यापाऱ्यांचे काटे थरथरतात. पण घरी आलो की मीच एका पारड्यात जाऊन बसतो. समोरच्या पारड्यात बायको आणि तिचा भाऊ. माझं पारडं गेल्या कित्येक वर्षांत जमिनीला टेकलेलं नाही.

गाडी बायकोच्या रोपवाटिकेसाठी घ्यायची होती. गावाबाहेर तिची रोपवाटिका आहे. कुंड्या, मातीची पोती, खत, माणसाच्या उंचीची झाडं हे सगळं आमच्या जुन्या छोट्या गाडीतून जायचं. झाडाचा शेंडा एका खिडकीतून बाहेर, बुंधा दुसऱ्या खिडकीतून बाहेर आणि फांद्यांच्या मध्ये कुठेतरी मी, अशी आमची वाहतूक असे. एके दिवशी त्या गाडीने चढावर मान टाकली ती कायमची.

मग मेहुणा आला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो विम्याच्या पॉलिसी विकतो आणि गाड्यांविषयी बोलतो. पॉलिसी फारशा विकल्या जात नाहीत, कारण बोलण्यातच दिवस जातो. त्याने सांगून टाकलं की घ्यायची तर पूर्ण आकाराची पिकअप घ्यायची, अर्धवट काही नको. तिचं इंजिन अमुक, तिचा मागचा सामानाचा हौदा तमुक आणि ती मागे साडेतीन टन वजन ओढते.

आपल्याला काय ओढायचं आहे, असं मी विचारलं. वजन म्हटलं की माझे कान टवकारतात, तो धंद्याचा भाग आहे. मेहुण्याने माझ्याकडे फार कणवेने पाहिलं.

“ओढायचं काहीच नाही, भाऊजी. ओढू शकते, हे महत्त्वाचं.”

बायकोने गाडी ठरवली, मेहुण्याने इंजिन ठरवलं, मुलीने फोनवरून सीटची कव्हरं ठरवली. कागदोपत्री गाडी माझ्या नावावर घ्यायची होती, कारण सरकारी नोकराचं नाव कागदावर शोभतं. उरला रंग. तो बायकोने माझ्या ताटात वाढला आणि वर म्हणाली, “मळखाऊ असला म्हणजे झालं.”

मी ही जबाबदारी हलक्यात घेतली नाही. ज्याच्या वाट्याला आयुष्यात एकच निर्णय येतो, तो माणूस तो निर्णय फार जपून वापरतो. खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात, त्यांचा सल्ला घेतला. पांढरा घ्या, उन्हात तापत नाही, असं ते म्हणाले आणि प्रकाशाच्या परावर्तनावर जिन्यात उभ्याउभ्या एक तास घेऊन मोकळे झाले. समोरच्या घरात इमारतीच्या कमिटीचे खजिनदार असतात. त्यांनी पांढऱ्यावर चिखल दिसतो म्हणून काळा सुचवला. काळ्यावर धूळ दिसते असं हेडमास्तरांनी खालून ओरडून सांगितलं. पुढे त्या दोघांचं काही दिवस बोलणं बंद होतं. मी मात्र मनाशी पक्कं केलं होतं. चिखल, धूळ, खत, शेण, कशालाही दाद न देणारा, सभ्य, सरकारी, चारचौघांत उठून न दिसणारा एकच रंग आहे. राखाडी.

गाड्यांच्या दुकानात एक टायवाला तरुण विक्रेता होता. त्याने माझ्यापुढे रंगांच्या तुकड्यांचा पत्रा ठेवला. पूर्वी रंगांना रंगांची नावं असत. आता त्यांना कवितांची नावं असतात. ‘मध्यरात्र’, ‘वाळवंटाची हाक’, ‘ध्रुवावरचं मौन’. मी एकेक तुकडा जवळ धरून, लांब धरून, दारात उजेडाला नेऊन पाहिला आणि एकावर बोट ठेवलं. त्याचं नाव होतं ‘सांजधुकं’. धुकं म्हटल्यावर राखाडीच, शंकेला जागाच नव्हती. शिवाय तुकडा डोळ्यांना दिसतच होता. शांत, मऊ, पावसाळी ढगासारखा राखाडी.

विक्रेत्याने मला पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं. मग आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला आणि मॅनेजरने चौथ्यांदा विचारलं. हा रंग खास मागवावा लागतो, एकदा मागवला की बदलून मिळत नाही, असं त्याने बजावलं.

“साहेब, हा रंग पेलायला धाडस लागतं,” विक्रेता म्हणाला.

राखाडी रंगाला धाडस लागतं हे मी प्रथमच ऐकत होतो, पण कौतुक कुणाला नको असतं? मी सही केली. त्यांनी सगळ्या कामगारांना बोलावून माझ्यासोबत फोटो काढला. त्यांच्या दुकानात तशी पद्धत असेल असं मला वाटलं.

गाडी आली तो दिवस मी विसरणार नाही. ती फाटकातून आत येताना कमिटीने लावलेली दोन झाडं आणि खजिनदारांच्या खिडकीचा छज्जा थोडक्यात बचावले. ती लांबच लांब होती. जागेवर नीट लावली तरी तिचा मागचा भाग शेजारच्या जागेत आणि पुढचा भाग इमारतीच्या वाटेत येत होता. तोंड तर असं, की कुणीतरी पोलादी कवळी घालून दात विचकतोय. पायरी इतकी उंच की आत चढताना माझी पँट नको तिथे उसवली आणि मी उतरताना पाठ भिंतीकडे ठेवून उतरलो.

पण रंग. रंग मी निवडल्याप्रमाणेच आला होता. हुबेहूब.

बायको दारातून बाहेर आली आणि थांबली. तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि मला स्वयंपाकघरात भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने लागल्याचं ऐकू आलं. मेहुण्याला ठसका लागला, तो पाठीवर थापट्या मारूनही थांबेना. शेवटी तो एवढंच म्हणाला की भाऊजी, इंजिन तर चांगलं आहे ना.

लोक आकाराला बिचकले आहेत, असं मी समजलो. हेडमास्तर गाडीभोवती प्रदक्षिणा घालून म्हणाले की या वयात असं काही करायला मन तरुण लागतं. मी म्हटलं, मी व्यवहार पाहिला, मळखाऊ आहे. त्यावर त्यांनी माझी झोप वगैरे नीट होते ना, अशी चौकशी केली. खजिनदारांनी इमारतीच्या दर्शनी भागाच्या शोभेविषयी कमिटीचा एक जुना नियम असल्याचं सांगितलं. इमारतीतली मुलं गाडीला ‘बबलगम’ म्हणू लागली. एवढे मोठाले रबरी टायर आहेत म्हणून म्हणत असतील, असा मी अर्थ लावला. मनुष्य एकदा अर्थ लावायला बसला की कशाचाही लागतो.

खरा चटका बसत होता तो घरात. बायको माझ्याशी तुटकपणे बोलू लागली. जेवायला वाढायची, पण मला काय हवं ते विचारायची नाही. रोपवाटिकेत गाडी न्यायचं नाव काढत नव्हती, आधी नोंदणी होऊ दे म्हणायची. मला वाटलं, रंग मी एकट्याने ठरवला हे तिला जिव्हारी लागलं असावं. अधिकाराची चटक लागलेल्या माणसांना दुसऱ्याचा छोटासा अधिकारही सोसत नाही, असं एक वाक्यसुद्धा मी मनात जुळवून ठेवलं होतं. म्हणायचं धाडस झालं नाही.

नोंदणी कचेरीत मी गाडी घेऊन गेलो. अर्ज मी स्वतः भरला होता. दुसऱ्यांच्या अर्जांत चुका काढण्यात हयात गेल्याने माझ्या अर्जात कुणी चूक काढेल हे मला स्वप्नातही शक्य वाटत नव्हतं. रंगाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, राखाडी. खिडकीतल्या कारकुनाने शिक्का मारला आणि तपासणीसाला बाहेर पाठवलं. हा तपासणीस किरकोळ अंगाचा, अगदी मवाळ गृहस्थ होता. तो अर्ज हातात धरून आवारात आला, माझ्या गाडीजवळून पुढे गेला आणि आवारभर फिरून परत आला.

“साहेब, तुमची गाडी कुठाय?”

मी हात करून दाखवली.

“ही नाही. राखाडी कुठाय?”

“हीच की.”

त्याने चष्मा काढला, पुसला, घातला. “साहेब, ही गुलाबी आहे.”

मी हसलो. सरकारी माणसाने सरकारी माणसाची थट्टा करावी, त्यात वाईट काही नाही. पण तो हसत नव्हता. मी त्याला माझ्या हुद्द्याची कल्पना दिली. अचूकपणा हा माझा धंदा आहे, केसाइतका फरक माझ्या नजरेतून सुटत नाही, हे आवाज चढवून सांगितलं. आवाज चढला की माणसं जमतात, तशी ती जमली. तपासणीसाने बापड्याने त्यांनाच विचारलं. झेरॉक्सवाला म्हणाला, गुलाबी. रखवालदार म्हणाला, गुलाबी. एका बाईंनी ‘बाळाच्या दुपट्यासारखी’ अशी भर घातली. गर्दीत एक किराणा दुकानदार उभा होता. त्याचा काटा मी नुकताच जप्त केला होता. तो सर्वांत खणखणीत आवाजात गुलाबी म्हणाला आणि मला कटाचा वास आला. सगळ्यांना फितवलं आहे, असं मी त्या कचेरीच्या आवारात, भर दुपारी, जाहीरपणे म्हणालो. आता आठवलं तरी कानांच्या पाळ्या तापतात.

तपासणीस शांतपणे म्हणाला, “साहेब, घरी जा आणि घरच्यांना विचारा.”

बायको गॅलरीत बियांच्या पुड्या बांधत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, एक विचारतो, खरं सांग, आपली गाडी कोणत्या रंगाची आहे?

तिचा हात थांबला. “इतके दिवस गप्प बसले ना मी? आता माझ्याच तोंडून वदवून घ्यायचंय?”

“म्हणजे?”

“गुलाबी आहे. लहान मुलीच्या खेळण्यासारखी गुलाबी.” तिने गॅलरीतून खाली बोट दाखवलं. “माझं काम तुम्हाला भातुकली वाटतं हे मला ठाऊक होतं. पण ते असं सगळ्यांना दिसेल असं दारात आणून उभं कराल, असं वाटलं नव्हतं.”

मी राखाडी घेतली, मळखाऊ घेतली, तूच म्हणाली होतीस, एवढंच पुन्हापुन्हा म्हणत राहिलो. मला खोटं बोलता येत नाही. तो माझा गुण नसून असमर्थता आहे, हे ती जाणते. तिने माझा चेहरा निरखून पाहिला. मग उठून दोरीवरचे दोन रुमाल आणून माझ्या मांडीवर टाकले आणि यातला तुमचा कोणता, माझा कोणता, ते सांगा म्हणाली.

मी दोन्ही उलटसुलट करून पाहिले. “सारखेच तर आहेत.”

तिने रुमाल घडी करून पिशवीत टाकले आणि मला थेट दवाखान्यात नेलं.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढे ठिपक्यांचं एक पुस्तक उघडलं आणि आकडे वाचायला सांगितले. ठिपके होते. आकडे नव्हते. मी पुस्तकावर पडताळणीचा शिक्का आहे का ते विचारलं, कारण प्रमाणित नसलेल्या साधनाचा निकाल मी मानत नाही. बाईंनी मुकाट्याने बायकोला वाचायला सांगितलं. तिने पानामागून पान घडाघडा वाचलं. मी दर पानावर ठिपक्यांमागून ठिपके बघत बसलो. शाळेत नापास होणाऱ्या मुलाला काय वाटत असेल ते मला त्या खुर्चीत बसून कळलं. आजवर माझ्यावर ती वेळ आली नव्हती.

हे जन्मापासूनचं आहे, लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, गुलाबी तर राखाडीच दिसतो आणि यावर औषध नाही, असं बाई म्हणाल्या. इतकी वर्षं लक्षात कसं आलं नाही, याचं त्यांना नवल वाटत होतं. मला वाटत नव्हतं. वजनांना रंग नसतो. नियमांची पुस्तकं पांढऱ्यावर काळी असतात. कपडे बायको आणते. रंगाचा निर्णय जन्मात पहिल्यांदाच माझ्याकडे आला होता.

आई थोरल्या भावाकडे असते. तिला फोन केला तर तिला आश्चर्य वाटलं नाही. तुझे मामाही तसेच होते, असं ती म्हणाली. तू लहानपणी झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी रंगवायचास, शाळेतल्या बाई तक्रार करायच्या, आम्ही म्हटलं पोर चित्रकार होणार. मग हे मला कधी सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं.

“तू चित्रकार कुठे झालास?” आई म्हणाली आणि तिने भावाच्या गुडघेदुखीचा विषय काढला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. चूक कळली, कारण कळलं, अर्ज दुरुस्त केला, गाडी रस्त्यावर आली. पण मी सरकारी माणूस आहे. चूक झाली तर तिला पुरावा जोडतो. मी दुरुस्तीच्या अर्जाला डॉक्टरीणबाईंचा दाखला जोडला. कुणी मागितला नव्हता. माझा मीच जोडला.

मवाळ तपासणीसाने दाखला दोनदा वाचला आणि त्याचा चेहरा पडला. तो म्हणाला, साहेब, तुम्हीही सरकारी, मीही सरकारी, नियम तुम्हाला काय सांगायचा? दुरुस्तीच्या अर्जाखाली एक छापील ओळ होती. वाहनाचा रंग मी स्वतः पाहून खात्री केली आहे. त्याखाली मालकाची सही. मी सही केली तर माझाच दाखला मला खोटं ठरवत होता. सही नाही केली तर दुरुस्ती होत नव्हती. मालकाच्या वतीने दुसऱ्याने पाहिलं तर चालत नाही, ‘स्वतः’ असा शब्द आहे. मी त्याच्या जागी असतो तर मीही अडवलं असतं. किंबहुना मी जास्त खडूसपणे अडवलं असतं. त्यामुळे मला रागावतासुद्धा येईना, आणि ज्याला रागावता येत नाही त्याच्या हालांना पारावार नसतो.

एवढ्यावर भागलं नाही. दाखला त्याच कचेरीतल्या परवाना विभागात गेला, कारण तो जाणं नियमात होतं. सिग्नलचा दिवा लाल की हिरवा ते कसं ओळखता, असं मला तिथे विचारण्यात आलं. वरचा लागला की थांबायचं, खालचा लागला की निघायचं, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं. आडवे दिवे असतील तर? मी म्हटलं, पुढच्याचं बघून. हे उत्तर लिहून घेण्यात आलं आणि माझा परवाना पुढील तपासणी होईपर्यंत त्यांच्या कपाटात गेला.

दुकानाने दिलेल्या तात्पुरत्या नोंदणीची मुदतही संपली. माझा परवाना गेल्यावर कचेरीतून मेहुण्याने आणून लावली तेव्हापासून गाडी आमच्या इमारतीत उभी राहिली ती राहिलीच. मेहुणा येणाऱ्याजाणाऱ्याला तिची ताकद दाखवायला दिवे लावून दाखवी, काचा खालीवर करी, गाणी लावी. हेडमास्तर हौद्यात खुर्ची टाकून पेपर वाचू लागले, कारण तिथे हवा छान लागते. मांजरांनी टायरांखाली बिऱ्हाड केलं. खजिनदारांनी मला एक नोटीस दिली आणि नंतर पहिल्या नोटिशीला उत्तर न आल्याबद्दल दुसरी दिली.

मग इमारतीचं गटार तुंबलं.

मला त्यावर फार लिहवत नाही. गटार उपसायची गाडी आली. तिची सोंड टाकायचं झाकण नेमकं आमच्या पिकअपच्या पुढच्या चाकांमागे होतं. नाकाला रुमाल लावून सगळी इमारत खाली उतरली. मेहुणा ऐटीत चढून बसला, त्याने चावी फिरवली. गाडीने एकदा ‘खुक्’ केलं आणि पुन्हा काही केलं नाही. बॅटरी त्याच्या दिव्यांत आणि गाण्यांत संपली होती. सगळ्यांनी मिळून ढकलून पाहिलं. वजनाचा मला अंदाज असल्याने मी आधीच सांगितलं होतं की हलणार नाही. हलली नाही. शेवटी गटार उपसणाऱ्यांनी एक दोरखंड काढला, आमच्या गाडीच्या पोलादी कवळीला बांधला आणि तिला ओढून बाजूला केलं. साडेतीन टन ओढणारी गाडी गटाराच्या गाडीमागून मुकाट्याने चालली होती. हेडमास्तर वर्तमानपत्रासह हौद्यातच होते, त्यांना उतरायला सवड मिळाली नव्हती. खिडक्याखिडक्यांतून लोक बघत होते. मी जिन्याच्या आड उभा राहिलो. बदली मागावी, असा विचार मी त्या दिवशी गांभीर्याने केला.

वाट बायकोने काढली. गाडी माझ्या नावावर करा म्हणाली. मालक मी, मग मी स्वतः पाहीन, स्वतः सही करीन, परवानाही काढीन. तिने हे सगळं आधीच कचेरीत जाऊन विचारून ठेवलं होतं. म्हणजे निर्णय झाला होता, मला कळवला जात होता. मी मान हलवली. ती गाडी चालवायला शिकू लागली आणि माझ्या वाट्याला गाडीत चढायचं तिचं स्टूल धुवून ठेवायचं काम आलं.

एका रविवारी मी तिच्याबरोबर बसने रोपवाटिकेत गेलो. खरं सांगायचं तर मी तिथे फारसा जात नसे. मला ती जागा कधी आवडलीच नाही. नुसता पाला. लोक लांबून लांबून पाला बघायला का येतात आणि बघून एवढे खूश का होतात, हे मला कोडं होतं. बायको एका झुडपापाशी थांबली आणि काय दिसतं ते सांगा म्हणाली.

“पानं.”

“आणि?”

“पानंच. चांगली आहेत.”

तिने माझं बोट धरलं आणि पानांमध्ये एका ठिकाणी टेकवलं. मऊ काहीतरी लागलं. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं तेव्हा पाकळ्यांच्या कडा दिसल्या. मग शेजारी दुसरं फूल दिसलं, मग तिसरं. झुडूप फुलांनी लगडलेलं होतं. बायको म्हणाली की लालभडक आहेत, रस्त्यावरून दिसतात, यांच्यासाठीच लोक थांबतात. पुढच्या वाफ्यातही तेच. त्यापुढच्याही. ती बोट धरून नेत होती आणि मी प्रत्येक झुडपापाशी वाकत होतो. माझ्यासारख्या केसाइतका फरक टिपणाऱ्या माणसाला तिची अर्ध्या आयुष्याची मेहनत दिसलीच नव्हती.

“मला वाटायचं, तुम्ही बघतच नाही,” ती म्हणाली. आणि नाक पुसून पाण्याची नळी आणायला गेली. मी तिथेच त्या फुलांसमोर बसून राहिलो. डोकं जरा मागे नेलं की ती पुन्हा पानांत विरघळत होती.

परवाना तिला पहिल्या फटक्यात मिळाला. नोंदणीही झाली, रंगाच्या रकान्यात तिने मोठ्या अक्षरात ‘गुलाबी’ लिहिलं. आता एक शेवटचं काम उरलं आहे, असं मी तिला म्हटलं. गाडीला दुसरा रंग देऊन घेऊ. साधा राखाडी. निवडायला तूच ये.

ती पेरूच्या रोपांना माती लावत होती. हात न थांबवता म्हणाली, “तुम्हाला राखाडीच हवी होती ना?”

“हो.”

“आणि तुम्हाला ती राखाडीच दिसते.”

“दिसते.”

“मग तुमचं अडलंय कुठे? मला आवडायला लागली आहे ती.”

यावर काही उत्तर असेल तर मला ते अजून सापडलेलं नाही. खात्यातल्या दोघातिघांना विचारून पाहिलं, तेही निरुत्तर झाले.

परवा आम्ही पहिली खेप घेऊन निघालो. हौदाभर रोपं होती. बायकोने ती गाडी फाटकातून अशी बाहेर काढली की खजिनदारांच्या छज्ज्याला वारासुद्धा लागला नाही. मी शेजारी बसलो होतो, मांडीवर स्टूल घेऊन. रस्त्याने दोन्ही बाजूंची माणसं थांबून बघत होती. मी पुढच्या लांबलचक पत्र्यावर नजर ठेवली. राखाडी. शांत, सभ्य, निरीक्षकाला शोभेल असा राखाडी. साऱ्या जगात ही गाडी ज्याला राखाडी दिसते असा मी एकटाच होतो आणि ही गोष्ट कुणालाही पटवून देता येण्यासारखी नव्हती.

चौकात थांबलो. शेजारी एक भरलेली बस उभी राहिली. एकेक करत बसमधली सगळी डोकी आमच्याकडे वळली. खिडकीतल्या एका आजीबाईंनी दोन्ही हात गालांना लावले आणि माझ्याकडे बघून, नातवाकडे बघावं तशा, कौतुकाने मान डोलावू लागल्या.

“हसा की जरा,” बायको म्हणाली.

मी हसलो. दिवा बदलला असावा, कारण गाडी निघाली.